धारूर घाटातली कडुनिंबाची फांदी

लोक चहा पाजून माझ्याकडून रस्त्याचे किस्से काढून घेतात आणि शेवटी विचारतात, "पन अण्णा, त्या दिवशी डुलकी लागलीच हुती ना?" म्हणून या खेपेला लिहूनच देतो. चौथी नापास माणूस आहे, अक्षराला नावं ठेवू नका. मी झोपलो नव्हतो.

वर्षभर चालू रस्त्यावर उभं राहिलं की किस्से धुरळ्यासारखे अंगावर बसतात. झटकून जात नाहीत.

दुष्काळात धारूरच्या घाटात रस्ता रुंद करायचं काम निघालं. अर्धा रस्ता खोदलेला, अर्ध्यावरून गाड्या चालू. वरच्या तोंडाला झेंडी घेऊन मी, खालच्या तोंडाला बाबू. मधी वळणं, मोबाइलला रेंज नाही. म्हणून मी सोडलेल्या गाड्यांतल्या शेवटच्या गाडीला कडुनिंबाची फांदी द्यायची. ती बाबूच्या हाती पडली, की वाट मोकळी. मग तो त्याच्या गाड्या सोडणार आणि फांदी परत धाडणार. कडुनिंबच का, तर तेवढंच हिरवं उरलं होतं.

* * *

पहिल्याच दिवशी एसटीच्या ड्रायव्हरला फांदी दिली. त्याचं तोंड उतरलं. "कोन गेलं हो?"

"आजून कुनी न्हाई. खाली फांदी दिली न्हाईस, तर जाईल."

* * *

रोडवर पाणी मारायचा टँकर माझ्या झेंडीला कधी थांबला नाही. एकदा वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन आडव्या बसल्या, तर जागेवर थांबला. आमचे सुपरवायझर वामनराव पळत आले. "पानी रोडचं हाय!"

एक म्हातारी म्हणाली, "मंग रोडला घागर घिऊन यिऊ दे. रांगेत माझ्या मागं."

टँकर रिकामा झाला. त्या दिवशी रोड कोरडाच राहिला.

* * *

कारखान्याच्या चेअरमनची जीप अडवली. काच खाली झाली. "मला वळखलं न्हाई का बे?"

"वळखलं की. कारखान्याच्या गेटावर फोटूत तुमी हात वर करून हाव. तितं ट्रॅक्टर थांबतेत. हितं मी हात वर केलाय, तुमी थांबा."

चेअरमन पोट धरून हसले. वामनराव नाही हसले.

* * *

आता ते डुलकीचं. चारा छावणीला म्हशी नेणारा टेम्पो शेवटचा होता. त्याला फांदी दिली, गाड्या गेल्या. खाली बाबू फांदीची वाट बघतोय, वर मी बाबूच्या गाड्यांची. तासभर दोन्हीकडं रांगा. आणि खालच्या रांगेत पुन्हा चेअरमनच!

वामनराव शंभर माणसांदेखत मला म्हणाले, "झोपला हुतास. फांदी दिलीच न्हाईस." झेंडी काढून घेतली, खडी फोडायला लावलं. झेंडीवाल्याला झोपाळू म्हणणं म्हणजे आचाऱ्याला विषारी म्हणणं. घाटातला माणूस न् माणूस माझ्याकडं बघून हसायला लागला.

तिसऱ्या दिवशी टेम्पोवाला आपण होऊन आला. वामनरावांसमोर म्हणाला, "सायब, यांनी फांदी दिलती. मी मागं हौद्यात खोचली. खाली उतरून बघतो तर म्हशीनं खाल्ली, नुसती काडी ऱ्हायली. काडी काय द्यायची म्हनून गेलो निघून."

वामनराव म्हणाले, "म्हैस कडुनिंब खाती व्हय? कायबी सांगतोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूच्या हातात फांदी नव्हती. हिरवा रंग दिलेला लाकडी दांडा होता. वामनरावांनी स्वतः रंगवलेला.

मी झोपलो होतो, तर दांडा कावून रंगवला, वामनराव? माजलगावला राहता, तब्येत ठणठणीत आहे असं ऐकतो. माझी माफी मागायची राहिलीय, वामनराव सुपरवायझर.