जर्मनीतल्या लेथला नमस्कार

माझा भाचा निरंजन लहानपणापासून नको तितका चौकस. कंपनीच्या बसच्या खिडक्यांना पडदे कशाला, असं विचारून त्याने चिखलीतल्या एका ड्रायव्हरला भंडावून सोडलं होतं. हे ध्यान इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी एक्स्चेंजवर जर्मनीला गेलं, एका सत्रासाठी. मी बहिणीला म्हटलं, "सुभद्रे, आता तिकडच्या लोकांचं काही खरं नाही."

सुरुवातीला त्याचे फोन म्हणजे नुसती नवलाई. "मामा, इथं रविवारी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाहीत, शेजाऱ्याला त्रास होतो." "मामा, रस्ता मोकळा असला तरी माणसं लाल सिग्नलला थांबतात." भोसरीच्या चौकात असा थांबलास तर मागचा रिक्षावाला तुला उचलून कडेला ठेवील, असं मी त्याला सांगितलं. एकदा तो मित्राच्या घरी जेवायला गेला. आणखी वाढू का विचारल्यावर हा आपल्या रीतीने "नको" म्हणाला, तर भांडं खरंच आत गेलं! बिचारा खोलीवर येऊन बिस्किटं खात बसला.

मग वर्कशॉपचा तास आला. धातूचा तुकडा फिरवत कापायच्या मशीनवर, म्हणजे लेथवर, एक भाग स्वतःच्या हाताने करून दाखवायचा होता, तो झाला नाही तर सत्र वाया. निरंजन मशीनपुढे गेला आणि सवयीने लेथच्या फिरणाऱ्या भागाला हात लावून तो कपाळाला नेला. लेथ बंद होता, पण मेन स्विच चालू. वर्कशॉपचे प्रमुख क्राउझ यांनी त्याला जागच्या जागी थांबवलं आणि मशीन वापरायच्या परवानगीचं कार्ड काढून घेतलं.

"हे काय केलंत?"

"नमस्कार. आमच्याकडे करतात."

"का?"

जन्मभर दुसऱ्यांना 'का' विचारणाऱ्या आमच्या पोराला उत्तर येईना. क्राउझ चिडलेले नव्हते, त्यांनाही कुतूहलच होतं. पण मशीनवर विनाकारण हात ठेवणाऱ्याला ते मशीन देत नसत. कारण सांगा, मग कार्ड घेऊन जा, असं ठरलं.

त्याचा फोन आला तेव्हा मी बहिणीच्याच घरी होतो, फोन स्पीकरवर होता. गुरुवार होता, भोसरीतल्या कारखान्यांची सुट्टी. माझे मेहुणे उद्धवराव तिथल्या एका प्रेस शॉपमध्ये आहेत. पत्रा दाबून भाग काढायच्या मशीनवर त्यांचं उभं आयुष्य गेलं. खंडेनवमीला मशीनला हार घालायचा मान त्यांचाच.

"बाबा, तुम्ही रोज मशीनच्या पाया का पडता?"

"देव हाय त्यात."

"ते इथं चालणार नाही. दुसरं काही असेल तर सांगा ना."

सुभद्रा आतून म्हणाली, "ज्योतीरामभाऊंचं सांगा की."

ज्योतीराम त्यांचा प्रेसवरचा जोडीदार. हात आत जाऊ नये म्हणून असते ती जाळी घाईत न लावता प्रेस चालवला आणि त्याचा हात गेला. त्याआधी नमस्कार करणाऱ्यांना उद्धवराव हसायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

"नमस्काराला थांबावं लागतं," ते हळूहळू सांगू लागले. "थांबलं की दिसतं, जाळी लावलीय का, आपला हात कुठं हाय. आन् खरं सांगू का निरंजन? मला भ्या वाटतं त्या मशीनचं. रोज वाटतं."

सुभद्रा लाटणं हातात घेऊन दारात आली होती. इतक्या वर्षांत ती हे प्रथमच ऐकत होती. मी या माणसाला थट्टेत "पहिलवान" म्हणत आलो. मी चहाचा कप खाली ठेवला.

निरंजनने ते सगळं जसंच्या तसं क्राउझना सांगितलं. त्यांनी ज्योतीरामची चौकशी केली, आता तो काय करतो विचारलं. मग कार्ड परत दिलं आणि म्हणाले, नमस्कार जरूर करा, फक्त मेन स्विच आधी बंद करा.

पुढच्या गुरुवारी फोन आला. भाग झाला होता, पासही झाला होता. मी अभिनंदन करू लागलो, तर उद्धवरावांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"मशीनवर उभा राहिलास तवा भ्या वाटलं का?"

"वाटलं, बाबा."

"मग बरं झालं," उद्धवराव म्हणाले आणि फोन सुभद्रेकडे देऊन गॅलरीत जाऊन उभे राहिले.