रशीदभाईंचं स्कॉटलंड

सहल आखणाऱ्याला सहल घडत नाही, त्याच्या वाट्याला येतात किस्से. आमच्या चंद्रपूरच्या ऑफिसात ते एवढे झालेत की चहा संपतो, पण किस्से संपत नाहीत!

ऑफिस म्हणजे दोनच माणसं, मी आणि मालक रशीदभाई. त्यांनी वीस वर्षं आलापल्ली-सिरोंचाच्या जंगलातल्या रस्त्यावर जीप चालवली. आता आम्ही स्कॉटलंडच्या रोड ट्रिप आखून देतो. तिथं गाडी भाड्यानं घ्यायची, स्वतः चालवायची. रस्ता, थांबे, मुक्काम आमचे. सुरुवातीला अख्खं मार्केट हसलं. "जंगलातले लोक फॉरेन दाखवून राह्यले!"

* * *

पहिलं गिऱ्हाईक सावलीचे वामनभाऊ आणि यमुनाबाई. धानाची शेती, मुलगी तिकडे ग्लासगोला शिकते. भाऊंना एकच काळजी. "तिथी गाडी चालवणं जमंल का मले?"

रशीदभाई म्हणाले, "भाऊ, तिथी बी गाडी डाव्या बाजूनंच चालते. पहाडात रस्ता सिंगल. समोरून कोणी आलं, तं आपल्या जंगलात काय करता?"

"जागा पाहून बाजूले घेतो. हात दाखवतो."

"बस! तिथी बी तेच. भेव तं हायवेवाल्यायले वाटाले पायजे!"

भाऊंनी तिथंच होकार दिला.

* * *

त्याच ट्रिपमध्ये चौथ्या दिवशी यमुनाबाईंचा फोन. "पोरी, रस्त्यावर मेंढ्याच मेंढ्या! हॉर्नले ऐकूनच नाई राह्यल्या."

मी काही सांगणार तेवढ्यात तिकडे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग बाईंचा खणखणीत आवाज, "हुर्रर्र! हो बाजूले! हो!"

आणि मग टाळ्या! मागे चार गाड्या कधीच्या अडकून पडल्या होत्या.

बाई फोनवर परत आल्या. "मेंढ्या गोऱ्यायच्या हायेत, पण मराठी समजते हो त्यायले!"

* * *

आता माझी चूक. वडशाच्या तीन बहिणी, लग्नांनंतर पहिल्यांदाच एकत्र निघालेल्या. त्यांना बोटीनं एका बेटावर जायचं होतं आणि मी तिकीट काढलं दुसऱ्याच दिवसाचं! त्या धक्क्यावर उभ्या आणि बोट डोळ्यांसमोर निघून गेली. इकडे मला रडूच फुटलं.

रशीदभाईंनी फोन हातात घेतला. "बाई, काऊन घाबरता? बेटावर जाले पूल बी हाय. तीन घंटे जास्त लागतीन, पण रस्ता असा हाय का बोट इसरून जासान."

संध्याकाळी फोटो आला. तळ्याकाठी तिघी बहिणी, मागे दोन इंद्रधनुष्यं. खाली लिहिलं होतं, "पोरी, ही चूक सगळ्यायसाठी करत जा!"

आता आमच्या प्रत्येक प्लॅनमध्ये तोच रस्ता असतो.

* * *

नागपूरचे एक डॉक्टर दुसऱ्या कंपनीचा प्लॅन घेऊन आले. सोबत त्यांच्या मिसेस. डॉक्टर म्हणाले, "यापेक्षा चांगलं काही जमेल तुम्हाला?" प्लॅनमध्ये दिवसाला सहा किल्ले, चार तळी, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं.

रशीदभाईंनी कागद वाचला आणि अदबीनं परत दिला. "साहेब, हे ट्रिप नाई. हा तुमचा वॉर्डातला राउंड हाय!"

मिसेस एवढ्या हसल्या की डॉक्टरांना प्लॅन आमच्याकडूनच घ्यावा लागला.

* * *

मुलीच्या पदवीदानाला वामनभाऊ आणि यमुनाबाई पुन्हा निघाले, तेव्हा भाऊ अडूनच बसले. "रशीदभाई, दुसऱ्यायले धाडता, खुद कवा पाह्यसान? तुमी चालसान तवाच आमी!"

साठीचे रशीदभाई पहिल्यांदा विमानात बसले. तिकडे उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी, आजवर फक्त कम्प्युटरवर पाहिलेल्या त्या पहाडी रस्त्यावर, वळणाशी एक गाडी थांबलेली दिसली. धुकं उतरलेलं, फोनला रेंज नाही, आणि एक म्हातारं गोरं जोडपं नकाशा उलटासुलटा करत उभं. वाट चुकलेलं. त्यांनी गावाचं नाव सांगितलं. गाडीत सोबत असलेल्या भाऊंच्या मुलीनंही ते कधी ऐकलं नव्हतं.

रशीदभाई खाली उतरले. "बेटा, इंग्लिशमंधी सांग त्यायले. पुढं दगडी पूल लागंल, त्याच्यावर चढू नका. डाव्या अंगानं खाली उतरा. पांढरं चर्च, मंग लाल टेलिफोनचा डबा, मंग तळं. तळ्याच्या टोकाले तुमचं गाव."

मुलीनं शब्दन् शब्द सांगितला. म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि तिला म्हणाला, "यांना विचार, किती वर्षं झाली इथं राहून?"

रशीदभाईंनी घड्याळ पाहिलं.

"सांग त्याले, काल अकरा वाजल्यापासून!"