काकांची पाकळी
आमच्या सर्वण गावच्या काकांना कुठल्याच विषयातलं काही कळत नाही, आणि हे फक्त त्यांनाच ठाऊक नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या मेंदूत गाठ निघाली तेव्हा तर त्यांना बहरच आला.

"पेडण्याकडचा दोष," त्यांनी निकाल दिला. पेडणं म्हणजे आईचं माहेर. "रक्तातून आलाय. आधी देवीला कौल लावू, मग कापाकापी." आई मान खाली घालून बसली.

बहिणीने डॉक्टरीणबाईंना हे ऐकवलं. त्या हसल्या नाहीत, मी हसलो.

"पेशीतला जनुकांचा धागा लांबलचक असतो, म्हणून तो घड्या घालून ठेवलेला असतो," त्या म्हणाल्या. "साडी उलगडली की पदर आणि दुसरं टोक लांब, घडी घातली की एकमेकांवर. काही गाठींत दोन घड्यांमधली हद्दच पुसली जाते. मग शेजारच्या घडीतला स्विच वाढीच्या जनुकाला जाऊन टेकतो. गप्प बसायचं ते जनुक कामाला लागतं आणि पेशी वाढत सुटतात. धागा आईने दिला तोच. घडी मागाहून बिघडली, तीही फक्त गाठीत."

"म्हणजे आईचा काही दोष नाही?"

"काहीच नाही. पण ऑपरेशन लांबवू नका."

तरी भरती व्हायच्या सकाळी आम्ही देवळात होतो. कौल टाळला असता तर काकांनी आईला जन्मभर टोचलं असतं. भटजींनी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर ऑपरेशन, डावी पडली तर थांबायचं.

उजवी पडली.

काका खाकरले. "प्रश्न नीट विचारला नव्हता."

पुन्हा पाकळ्या लावल्या. पुन्हा उजवी. मग तिसऱ्यांदा लावल्या, आणि एकही हलेना. तेव्हा या महापुरुषाने खांद्यावरचं उपरणं काढलं आणि वारा घालायला घेतला. अर्थात डाव्या बाजूला! देवीच्या तोंडावर एवढी लबाडी करायलाही छाती लागते. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

बहीण उठली. "काका, देवीचं तुम्हाला पटत नाही, तर तुम्ही दोघं बसा भांडत. फक्त आईचा दोष नाही, एवढं इथे तिच्यासमोर म्हणा."

काकांनी पाकळीवरची नजर काढली नाही. "थांब गे, पडते आता."

आईने त्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. "पडू दे. चल गे बाय, डॉक्टरीण वाट बघत असेल."

मी गाडी वळवली तेव्हाही उपरणं हलतच होतं.