शंकररावांच्या नावावरची पुस्तकं

मुबीना आमच्या वाचनालयाची ग्रंथपाल, बारा वर्षं झाली. आणि फावल्या वेळात ती वाचते काय, तर ग्रंथपालांच्याच गोष्टी! शिंप्याने सुट्टीच्या दिवशी काजं करत बसावं तसं. बरं, गोष्टी तरी कसल्या? जमिनीखाली सात मजल्यांचं पुस्तकघर, वाचकाला चावणारी पोथी आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून राज्य वाचवणारी ग्रंथपालबाई. मी वाचनालयाचा सचिव, निवृत्त कारकून. असल्या जादूचा मला तिटकारा. पाच भागांची ती मालिका तिने मागवली तेव्हा मी चारचौघांत हसलो होतो.

"हसा, काका," ती म्हणाली. "त्यातल्या बाईनं दार उघडलं तं राज्य वाचते. म्या उघडलं तं पेपर वाचाले चार बुढे येतात. मलेही वाटते ना, आपल्यावाचून कोनाचं तरी अडलं पाह्यजे."

वडनेर भोलजीच्या थोडं पुढे आमचं गाव. इथे वाचनालय बंद पडलं तर लोकांना कळायलाच आठवडा जाईल.

मार्चात सरकारी तपासणीचं पत्र आलं आणि मुबीनाची झोप उडाली. अध्यक्षांच्या पुतण्याचा तिच्या खुर्चीवर डोळा होता. एक वाईट शेरा पडला की तिची नोकरी गेलीच म्हणून समजा. तिने कपाटं पुसली, नोंदवह्या तीन-तीनदा तपासल्या. तपासणीच्या सकाळी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, मेलेल्यांची नावं काटू का?"

"खबरदार!" मी म्हणालो. सभासद कमी झाले की वाचनालयाचा दर्जा आणि अनुदान जातं, म्हणून गावात कोणी वारलं तरी वहीतलं नाव मी कापू देत नसे. माणूस स्मशानात जायचा, नाव आमच्याकडे राहायचं.

"पन त्यातल्या एकाच्या नावावर पुस्तकं जाऊन राह्यली, काका."

कोणाच्या, हे विचारणार तोच बाहेर गाडी थांबली.

तपासणीला आलेल्या प्राची मॅडम तिशीच्या, अगदी शांत. आरडाओरडा करणारा साहेब परवडतो, शांत माणसाची जास्त भीती वाटते. त्यांनी देवघेवीची वही उघडली. पानं उलटता उलटता बोट एका ओळीवर थांबलं.

"सभासद एकेचाळीस, शंकरराव. वय ब्याण्णव. महिन्यात जादूच्या मालिकेचे चार भाग नेलेत. असा वाचक मला बघायचाय. बोलवा त्यांना."

शंकरराव मास्तरांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी स्वतः खांदा दिला होता. "ते बाहेरगावी गेलेत," मी म्हणालो.

"मी बोलावते," मुबीना म्हणाली आणि चपला न घालताच बाहेर पडली.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मॅडम वही खाली ठेवेनात. पोरगी घाबरून घरी पळाली, असंच मला वाटलं. मग ती आली ती शारदावहिनींना घेऊन. मास्तरांची बायको, ऐंशीच्या घरातली. हातात मालिकेचा चौथा भाग, खूण म्हणून त्यात कापसाची वात.

"ते गेले. वाचते मी," शारदावहिनी म्हणाल्या. "दिवसभर घर खाले उठते, बाई. या पुस्तकात पानागनिक नवं दार उघडते. आता ती ग्रंथपालबाई खालच्या मजल्यात अडकून पडली, मले तिचा घोर लागला. मुबीनाले मीच म्हटलं, मास्तरायच्याच नावावर दे."

"स्वतःचं कार्ड का नाही काढलं?" मॅडमनी विचारलं.

"अर्ज या भालचंद्रभाऊंकडं जाते. ते हासले असते."

मी मान खाली घातली. मॅडम म्हणाल्या, "आणि वारलेल्या माणसाचं नाव वहीत कोणी ठेवलं?"

मुबीनाने माझ्याकडे पाहिलं. "चूक माझी हाय, मॅडम," ती म्हणाली. "काटाचं राहून गेलं."

लाज वाटली, तरी मी टेबलावरची पट्टी सरळ करत बसलो.

"भालचंद्रभाऊ, तुम्ही काऊन चूप?" शारदावहिनींनी विचारलं.

"मीच ठेवलं," मी कसंबसं म्हणालो. "तिला कापू दिलं नाही. अशी सतरा नावं आहेत."

मॅडमनी शेरा लिहिला तो सचिवाच्या नावावर, माझ्या. मुबीनाने भिंतीला टेकून डोळे मिटले. "आता सतराही नावं माझ्यासमोर कापा," मॅडम म्हणाल्या. "मृत्यूची तारीख समोर लिहा."

मी नाव आणि तारीख सांगायची, मुबीनाने पट्टी धरून लाल रेघ मारायची. आठ नावं भराभर गेली. नवव्यावर तिचा पेन थांबला. सभासद त्रेसष्ट, छाया. माझी बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली. बाकीची सोळा नावं मी आकड्यासाठी ठेवली होती.

"काका..." मुबीना म्हणाली.

"तारीख?" मॅडमनी विचारलं.

मी तारीख सांगितली. मुबीना काही रेघ मारेना. मग पट्टी मीच धरली.