हाताने ऐकणारे मिस्त्री

कोन गावचे मिस्त्री इंजिन हाताने ऐकत. गाडी चालू ठेवायची, बॉनेट उघडायचं, इंजिनच्या झाकणावर तळहात टेकवायचा आणि डोळे मिटायचे. तरुणपणी ते भिवंडीत कापडाचे लूम दुरुस्त करायचे. त्या खडखडाटात दोन्ही कान गेले. मग कल्याण रस्त्याला गॅरेज टाकलं. समोरच्याच्या ओठांवरून त्यांना बरंचसं कळे. उरलेलं आपण ओरडून सांगायचं.

बाबा शाळेत शिक्षक. त्यांची जुनी कार्बोरेटरवाली गाडी घेऊन आम्ही दर दोन-तीन महिन्यांनी कोनला जायचो. काम झालं की मिस्त्री चहाने काठोकाठ भरलेला ग्लास चालू इंजिनच्या एअर फिल्टरवर ठेवायचे. चहा हिंदकळला की पुन्हा पाना हातात. "गुरुजी, च्या सांडला न्हाय म्हंजे पेपर पास," असं म्हणून मग तोच चहा बाबांना द्यायचे.

कार्बोरेटर खोलायची त्यांना कधीच घाई नसे. "गरीब हाय बिचारा. दुखनं कुनाचंबी असो, लोक पयले त्यालाच खोलतात." पडघ्याचं एक गिऱ्हाईक फारच घाई करू लागलं, तेव्हा मिस्त्रींनी त्याच्या गाडीचं बॉनेट लावून टाकलं आणि बिडी पेटवली.

गेल्या वर्षी मिस्त्री गेले. त्यांचा विषय निघाला की मला एकच दिवस नीट आठवतो.

बाबांचं तेरावं होऊन चार दिवस झाले होते. मला काहीच वाटत नव्हतं. स्मशानातही नव्हतं वाटलं. लोक येत, खांद्यावर हात ठेवत, मी त्यांना चहा देई. गाडी उभ्या जागी स्लोवर थडथडत होती, नाक्यावर थांबली की बंद पडत होती. काहीतरी करायचं म्हणून मी ती कोनला नेली.

मिस्त्रींनी शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. "गुरुजी न्हाय आले?"

"बाबा गेले."

"कुठं गेले?"

"गेले. वारले."

त्यांनी कानामागे हात धरला. "काय?"

"बाबा वारले, मिस्त्री!" मी ओरडलो. पलीकडचा पंक्चरवाला वळून बघू लागला. तो आवाज माझा आहे असं मला वाटेना.

मिस्त्रींनी बॉनेट उघडून झाकणावर तळहात टेकवला. एकेका प्लगची वायर काढून पाहिली. चारही सिलिंडर काम करत होते. मग कार्बोरेटरच्या खालच्या सांध्यावर कुप्पीतून थोडं ऑइल सोडलं. थडथड क्षणभर थांबली. "इथनं हवा खातंय," ते म्हणाले. पॅकिंग चिरलं होतं. त्यांनी नवं कापून बसवलं, स्लोचा स्क्रू जरासा फिरवला. तासाभराने इंजिन शांत चालू लागलं.

हात पुसता पुसता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पयल्यांदाच कळला होता मना. तुजं तोंड दगडासारखं झालेलं. म्हनून ओरडाय लावला." मग वर बघून विचारलं, "आय जेवते काय?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"मंग जा घरी. विचार तिला."

घरी आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आई ओट्यापाशी नुसतीच उभी होती.

"जेवलीस?"

इतक्या दिवसांत मी तिला हे विचारलंच नव्हतं. तिने मान हलवली, नाही म्हणून. मी दोन ताटं घेतली. भात गार झाला होता, तसाच वाढला. दुसऱ्याच घासाला मला रडू आलं आणि हात थांबला.

"पाणी पी," आई म्हणाली, आणि तिने तांब्या माझ्याकडे सरकवला.