शेवटचा माणूस पुढे गेला

त्या रविवारी शेवटचा माणूस मी होतो आणि मी पुढे निघून गेलो. एवढंच असतं तरी वाईट होतं. त्यावर मी खोटंही बोललो.

अमरावतीत आमचा पायी फिरणाऱ्यांचा गट आहे. बहुतेक नोकरदार, काही निवृत्त. हिवाळ्यात एखाद्या रविवारी माळ तुडवत, शेतांच्या धुऱ्या-बांधांवरून दिवसभर चालायचं आणि दुपारी रोडगे-वांग्याच्या भाजीवर बसायचं. रानडुकरांमुळे आता बऱ्याच शेतांना झटका मशीनची, म्हणजे करंट सोडलेली तार असते. म्हणून आमची पद्धत ठरलेली: एक वाळका बांबू सर्वांत पुढच्याकडे, एक शेवटच्याकडे. बांबूने तार उचलायची, माणसं खालून काढायची.

ऑफिसात वर्षानुवर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेला माझा मित्र पेसमेकर बसवल्यानंतर पहिल्यांदाच येणार होता. आदल्या दिवशी अकोल्याहून त्याच्या मुलीचा फोन आला.

"काका, डॉक्टरनं बाबाले करंटपासून दूर राहा म्हटलं हाय. तुमी त्याइच्या मांगं राहसान तरच जाऊ देईन."

"मी हाओ ना," मी म्हणालो, आणि रविवारी मागचा बांबू मीच घेतला.

कौंडण्यपूरच्या बाजूला, वर्धा नदीकडे उतरणारा तो माळ. माळ संपला की तूर, डोक्याच्याही वर गेलेली. मित्र दमला तशी मी त्याची थैली माझ्या खांद्यावर घेतली. पाणी, फोन, सगळं तिच्यात.

"लय दिवसांनी कामाचा झाला तू," तो हसला. "टेबलावर त एक फाईल उचले नाही."

तेवढ्यात गटात पुढे चालणाऱ्या, आमच्या खात्यातल्या मोठ्या साहेबांनी हाक मारली. "अहो, मागे काय करताय? या इकडे, तुमच्या बदलीचं बोलू." माझी बदली त्यांच्या सहीवाचून अडली होती. मित्र बाभळीखाली टेकला.

"जाय बे, साहेब बोलावून राह्यले. पण तारीजवळ थांबजो मातर."

मी तारेजवळ थांबलो नाही. मागचा बांबू हातात तसाच घेऊन, साहेबांशी बोलता बोलता पुढच्या बांबूखालून गेलो आणि चालत राहिलो. मागून त्याची हाक आली, "ओ गड्या!" ती मला स्वच्छ ऐकू आली. साहेब तेव्हा माझ्या कामाचं कौतुक करत होते.

नदीकाठी पानं वाढली. कुणीतरी विचारलं, "तुमचे दोस्त कुठी हायेत?"

"त्याचे पाय दुखले. सडकेनं आपल्या बसकडे गेला," मी म्हणालो. जेवून मागे जाईन आणि त्याला घेऊन येईन, असं मनात होतं. पण साहेबांनी पुन्हा विषय काढला आणि मी बसून राहिलो. माझ्या त्या एका वाक्यामुळे दुसरंही कुणी शोधायला गेलं नाही.

तो दोन तास तारेच्या पलीकडे उभा होता. तिच्यात करंट आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता आणि हात लावून पाहणं त्याला परवडणारं नव्हतं. शेवटी शेतातल्या एका बाईने मशीन बंद करून त्याला नदीवर आणलं. त्याचे ओठ सुकले होते.

"काहो, तुमी त बसकडे गेल्ते ना?" सगळ्यांनी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या खांद्यावरच्या थैलीकडेही पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "रस्ता चुकलो."

बसमध्ये तो ड्रायव्हरच्या मागे बसला. पुढच्या महिन्यात तो मुलीकडे अकोल्याला राहायला गेला. माझे फोन त्याने उचलले नाहीत.

उन्हाळ्यात मी अकोल्याच्या जुन्या शहरातलं मुलीचं घर शोधत गेलो. तिने पाणी आणून दिलं आणि दारातच उभी राहिली. तो खुर्चीत पेपर धरून बसला होता.

"लक्ष राह्यलं नाही, असं सांगाले आला असशीन," तो म्हणाला.

मोर्णा नदीच्या पुलापर्यंत मी तेच घोकत आलो होतो. मुलीसमोर ते तोंडातून निघेना.

"नाही. लक्ष होतं," मी म्हणालो. "तुह्यी हाक मले ऐकू आली होती. तरी मी थांबलो नाही. अन् तू बसकडे गेला हे मीच सगळ्याइले खोटं सांगितलं. पोरीले शब्द देऊन मी असा वागलो. माफ कर मले. तूही माफ कर, बाई."

त्याने पेपर खाली ठेवला नाही. पण मला बोलायचं होतं ते बोलून झालं होतं.