भिंगवाले चाचा आणि हिरवं पाणी

आमचे भिंगवाले चाचा तलावावर आले की मासे सोडून आधी पाणी बघायचे. काचेच्या ग्लासात पाणी घ्यायचं, उन्हाकडे धरायचं अन् एक डोळा मिटून भिंगातून बघत बसायचं. यवतमाळच्या कॉलेजात प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर होऊन गावी आले ते भिंग खिशात घेऊनच.

तेव्हा आमच्या बायकांच्या गटानं गावतलाव पहिल्यांदाच मासे वाढवायला घेतला होता. मी अध्यक्ष. कटल्याची बोटभर पिल्लं सोडली होती. ती जगली नाहीत तर तलाव हातून जाणार, हे ठरलेलंच. बांधावरची पुरुषमंडळी त्याचीच वाट बघत बसलेली.

चाचांनी मला ग्लासात दाखवलं. टाचणीच्या टोकाएवढे, टुणटुण उड्या मारणारे जीव. "ह्या पाणपिसवा, वहिनी. कटल्याचं पिल्लू हेच खाते. ह्या तगल्या त तुमचा मासा तगला."

गटातली पारबती म्हणाली, "चाचा, पिसवाच पाह्याच्या त आमच्या मोत्याच्या अंगावर पाहा ना!"

सगळ्यात मोठ्यानं हसले ते चाचाच.

शेण टाकलं की पाणी हिरवं होतं, अन् हिरवं पाणी म्हणजे माशांचं खाणं, एवढंच आम्ही शिकलो होतो. मग काय, घरोघरचं शेण तलावात! पोळ्यापर्यंत पाणी रंग ओतल्यासारखं झालं. बायका खूश. चाचांनी मात्र भिंग माझ्या हातात दिलं.

पिसवा कमी झालेल्या, अन् रोडावलेल्या. अंग आरपार दिसत होतं, आत हिरवं गच्च.

"पोट त भरलं आहे की, चाचा!"

"पोट नका पाहू. पाठीत अंडी दिसते का पाहा."

एकीच्याही पाठीत नव्हती.

"कपाशीले युरिया जास्त झाला का पानंच माजते, बोंड धरत नाही. तसंच हे. हे शेवाळ निराळं आहे, वहिनी. पोटात जाते, अंगी लागत नाही. शेण बंद करा."

मी हो म्हटलं, शेण थांबवलं. पण बांधावरून कोणीतरी म्हणालं, "बायकाईचं पाणी फिकं पडून राह्यलं." मला ते लागलं. शुक्रवारी चाचा नमाजाला गेलेले पाहून मी शेणाच्या आणखी टोपल्या ओतल्या.

पुढं पाण्याला वास सुटला. ग्लासात काही हलेना. अन् एका ढगाळ सकाळी सगळे कटले हवेसाठी वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. दुपारपर्यंत पांढरी पोटं काठाला लागली. चाचा आमच्यासोबत वाकून मासे वेचत राहिले. एवढंच विचारलं, "चार टोपल्या का पाच, वहिनी?"

पुढं काही वर्षांनी चाचा गेले. त्यांच्या मुलीनं वणीहून येऊन भिंग मला दिलं. यंदा तलाव पुन्हा बायकांकडे आलाय, माझी सून अध्यक्ष आहे. काल बांधावरून ओरडली, "आई, पाह्यलं काय, पाणी कसं हिरवंगार झालं!"

मी ग्लास उन्हाकडे धरला. पिसवांची पोटं हिरवी. पाठी रिकाम्या.

"शेणाची टोपली खाली ठेव वो," मी म्हटलं.

सून हसली. टोपली तिच्या डोक्यावरच होती.